विस्कॉन्सिनच्या नियमांत बसणारा फास : एकेक भाग निवडताना

पहिले डझनभर फास जोडायला घेतले तेव्हा अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याच्या ट्रॅपिंग (सापळे लावण्याच्या) नियमांची त्या वर्षीची पुस्तिका शेजारी उघडी ठेवली आणि प्रत्येक भाग तिच्याशी ताडूनच टेबलावर घेतला. तिथे या साधनाला केबल रिस्ट्रेंट म्हणतात. कोयोट (तिकडचा लांडग्यासारखा प्राणी) किंवा कोल्हा गळ्यात अडकतो, पण पट्ट्याने बांधलेल्या कुत्र्यासारखा जिवंत राहतो. भारतात मात्र १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमात फास लावणं ही शिकारच धरली आहे. यातलं काहीही शेताच्या बांधावर करून पाहायचं नाही.

आधी केबल. जाडी किमान ५/६४ इंच, म्हणजे साधारण २ मिलिमीटर, आणि लांबी ७ फुटांच्या आत. मी ७×७ घेतली : सात पेड, प्रत्येकात सात तारा. ७×१९ जास्त मऊ असते, पण तिच्यातली प्रत्येक तार बारीक, त्यामुळे चावून पिंजते लवकर. पक्कडीने कापली तर टोक फुलतं आणि लॉकच्या, म्हणजे फास आवळणाऱ्या सरकत्या तुकड्याच्या, भोकात शिरत नाही. केबल कटरच हवा. एकदा मुरड पडलेली केबल सरळ केली तरी वापरायची नाही. लॉक नेमकं त्याच जागी अडकतं. नव्या केबलचं तेल आणि चकाकी जाण्यासाठी खायचा सोडा घातलेल्या पाण्यात ती उकळायची, तेही फेरूल (केबलवर दाबून बसवायची ॲल्युमिनियमची छोटी नळी) बसवण्याआधी, कारण सोड्याने ॲल्युमिनियम काळं पडतं.

सगळ्यात जास्त वेळ गेला लॉकवर, आणि तो जायलाच हवा. वाकवलेल्या वॉशरचं 'रिव्हर्स बेंड' लॉक लागतं, बाहेरचा व्यास किमान सव्वा इंच. ओढ आहे तोवर आवळायचं, ओढ थांबली की सैल व्हायचं, एवढंच त्याचं काम. जनावराचा जीव त्यावरच राहतो. दुकानातून आलेल्या एका पाकिटात केबलला दात रोवून धरणारी लॉकं निघाली. तशा लॉकमध्ये जनावर शांत बसलं तरी गळा मोकळा होत नाही. सगळी परत केली. बरोबर जातीचं लॉकही तपासल्याशिवाय घ्यायचं नाही : केबलचं टोक खुंटीला बांधा, फास मनगटाएवढ्या जाड पाइपवर आवळा आणि हात सोडा. लॉक आपोआप थोडं मागे सरकलं पाहिजे. नाही सरकलं, तर भोकाच्या कडेला कूस राहिलेली असते, ती गोल कानसीने काढायची. किंवा लॉक ओवताना वाक उलट्या बाजूला गेलेला असतो.

स्टॉप, म्हणजे लॉकला ठरावीक जागेपुढे सरकू न देणाऱ्या फेरूल, दोन. पूर्ण उघडलेल्या फासाचा घेर ३८ इंचांपेक्षा जास्त नको आणि पूर्ण आवळल्यावर ८ इंचांपेक्षा कमी नको. दुसरा आकडा हरणासाठी आहे : पाय आत गेला तरी निसटून बाहेर येतो. घेर शिंप्याच्या टेपने मोजला. बरोबर ८ वर ठोकलेली फेरूल जोराच्या हिसक्याने किंचित घसरते आणि फास बेकायदा होतो, म्हणून सव्वाआठ धरले आणि प्रत्येक फेरूल दोनदा दाबली.

लॉकपाशी एस-हूक (इंग्रजी S च्या आकाराचा आकडा) असतो, ३५० पौंडांच्या, म्हणजे सुमारे १५९ किलोंच्या आत उघडणारा. हरणासारखं ताकदवान जनावर गळ्यात अडकलं तर हूक उघडून ते सुटावं ही योजना. ती चालते ती केबल बांधलेली जमिनीतली खुंटी पक्की असेल तरच. मागे ओढत जाणारं लाकूड बांधलं तर झटका लाकूडच खातं, हूकवर पुरता ताण येत नाही. आणि नियमालाही ते मंजूर नाही.

खुंटी आणि केबल यांच्यामध्ये स्विव्हल (स्वतःभोवती फिरणारा दुवा) हवाच, नाहीतर जनावर गोल फिरतं आणि केबलला पीळ बसतो. खुंटीला केबल ताणून धरायची आणि पूर्ण गोल चालायचं, वर जनावराच्या अंगाची लांबी धरायची. त्या वर्तुळात कुंपण किंवा अर्ध्या इंचाहून जाड खोडाचं झुडूप असेल, तर जागा बदलायची. केबल तिथे गुंडाळली गेली की सैल होणारं लॉकही सैल होत नाही. प्रत्येक फासाला नाव-पत्ता किंवा राज्याच्या नैसर्गिक संसाधन विभागाने दिलेला ग्राहक क्रमांक कोरलेला धातूचा बिल्लाही लागतो.

फास उभा धरायला ११ गेजची तार पुरते. फासाची खालची कड जमिनीपासून किमान ६ इंच वर हवी. बर्फात ही 'जमीन' कोणती? पूर्ण वजन टाकून पाऊल दाबायचं आणि त्या ठशाच्या तळापासून मोजायचं. भुसभुशीत बर्फाचा वरचा थर धरायचा नाही. रात्री बर्फ पडलं की अंतर कमी होतं, वितळलं की वाढतं. फास रोज तपासणं बंधनकारक आहेच. त्याच फेरीत पाऊल दाबून पुन्हा मोजायचं आणि तार वर-खाली वाकवायची.