खडीत रुतलेली गाडी ओढायची कुठून?

गेल्या पावसाळ्याच्या आधी दक्षिणेतल्या एका रेसिंग ट्रॅकवर माझी गाडी वळणावरून सरळ खडीत गेली. मला काही झालं नाही, गाडीलाही नाही. नुकसान झालं ते नंतरच्या दहा मिनिटांत. मार्शल धावत आले, जीप आली, आणि पट्टा कुठे अडकवायचा हे कुणालाच कळेना. पुढे फायबरचं नाक, मागे पत्र्याची पातळ कातडी. शेवटी एकाने वाकून सस्पेन्शनच्या खालच्या विशबोनला, म्हणजे चाक धरणाऱ्या दांड्याला, पट्टा गुंडाळला. गाडी बाहेर आली, विशबोन वाकला. तो ट्रॅक-डे, म्हणजे आपली गाडी ट्रॅकवर पळवायचा दिवस, माझ्यासाठी तिथेच संपला. त्या माणसाचं काहीच चुकलं नव्हतं. मीच त्याला ओढायला जागा दिली नव्हती.

गाडीबद्दल थोडं सांगतो. 1957 साली लोटस या ब्रिटिश कंपनीने काढलेल्या सेव्हन गाडीच्या धर्तीवर बांधलेली ही दोन सीटची उघडी गाडी आहे. जिप्सीचं 1.3 लिटर इंजिन आणि तिचाच गिअरबॉक्स, खाली 25 मिमी चौकोनी नळ्यांची चौकट, नळीची जाडी 1.6 मिमी. जळगाव एमआयडीसीजवळच्या तोलकाट्यावर तिचं वजन 560 किलो भरलं. रस्त्याचं रजिस्ट्रेशन नाही, त्यामुळे ट्रॅकवर न्यायची तर ट्रकमधून. ट्रकवर चढवतानाही आम्ही आजवर तिला हातांनीच ढकलत आलो होतो. ओढायची जागा नाही हे तेव्हाच खटकायला हवं होतं.

कंपनीच्या गाडीला बंपरच्या झाकणामागे आटे असलेलं भोक असतं, त्यात टो-हुक फिरवून बसवला की झालं. हलक्या, घरी बांधलेल्या गाडीत ते कुणीतरी ठरवून करावं लागतं. स्पर्धांचे आंतरराष्ट्रीय नियम या बाबतीत साधे आहेत: पुढे एक आणि मागे एक टोइंग-आय, म्हणजे ओढायची कडी, सहज दिसणारा, पिवळा, लाल किंवा नारिंगी रंगवलेला. शिवाय गाडीची चाकं मोकळी फिरत असतील तरच त्याने ओढायचं. रंगाची अट मला आधी दिखाऊ वाटायची. खडीत उभं राहून तो गोंधळ पाहिल्यावर वाटेनाशी झाली.

पहिला प्रयत्न घाईत केला. 6 मिमी प्लेट घेतली, तिला 60 मिमीचं भोक पाडलं, म्हणजे डी-शॅकल (पट्टा अडकवायची डी आकाराची कडी) आणि जीपचा हुक दोन्ही आरामात जातील. पुढच्या आडव्या नळीच्या मध्यावर 12 मिमीचा बोल्ट आरपार घालून ती आवळली. बोल्ट 8.8 ग्रेडचा होता, डोक्यावरचा आकडा वाचूनच घेतला होता. असा 12 चा बोल्ट सरळ ताणात पाच टनांच्या आसपास भार कायमचा न ताणला जाता झेलतो. मला वाटलं, काम झालं.

प्लेट घेऊन आमच्या नानांकडे गेलो. नाना नात्याने कुणी नाहीत, पण चाळीस वर्षं ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बांधत आलेत आणि मी लहानपणापासून त्यांच्या शेडमध्ये पडीक असतो. त्यांनी बोल्टकडे पाहिलंसुद्धा नाही, नळीवरून बोट फिरवलं. "भो, बोल्ट तुटाव नही. नळी वाकी जाई." मग चौकटीचा कोपरा दाखवला. "जठे नळ्या एकमेकले भेटतस, तठेच लोड दे."

हिशोब उघडाच होता, मीच तो केला नव्हता. 25 मिमीच्या नळीला 12 मिमीचं भोक पाडलं की त्या बाजूची जवळजवळ निम्मी भिंत गेली. बोल्ट 80 न्यूटन-मीटरला आवळला की पोकळ नळी चेपते, आणि चेपलेल्या नळीवर बोल्टचा ताण टिकत नाही. वर भार नळीच्या मध्यावर, म्हणजे ती सर्वात सहज वाकते तिथेच.

तरीही मला डोळ्यांनी बघायचं होतं. मामेभावाचं शेत यावलकडे, तापीच्या काठाजवळ. ट्रकमधून गाडी तिथे नेली. कापूस काढून रिकाम्या झालेल्या वावराचा एक वाफा पाणी सोडून भिजवला आणि गाडी त्या काळ्या मातीत रिमपर्यंत रुतवली. ट्रॅकची खडी वेगळी असते, पण चाक बुडलं की दोन्हीकडे गाडी सारखीच अडते. ट्रॅक्टर आणि गाडीच्या मध्ये कापसाच्या गाठी तोलायचा लटकता डिजिटल काटा लावला. पट्ट्यावर ओलं गोणपाट टाकलं, म्हणजे काही तुटलं तर ते उडणार नाही. सगळ्यांना पट्ट्याच्या रेषेपासून बाजूला, लांब उभं केलं. ट्रॅक्टर पहिल्या गिअरमध्ये, क्लच हळू, धक्का अजिबात नाही.

काटा 590 किलोपर्यंत चढला आणि गाडी सुटली. म्हणजे रुतलेली गाडी काढायला तिच्या वजनाहून थोडं जास्तच बळ लागलं, तेही सावकाश ओढून. जीपवाल्याने ढिला पट्टा झटका देऊन ताणला तर हा आकडा सहज दुप्पट-तिप्पट होईल. प्लेटला काही झालं नाही, बोल्टलाही नाही. आडवी नळी मात्र मधोमध आत दबली होती, बोट बसेल इतकी.

मग सगळं नीट करायला घेतलं. पुढच्या बाजूला खालच्या विशबोनचा कंस, तिरपी नळी आणि आडवी नळी जिथे एकत्र येतात तो उजवा कोपरा निवडला. तिथे कोपऱ्याला बळकटी देणाऱ्या 3 मिमीच्या गसेट प्लेटा, त्यांच्यावर दोन आडवे कान, आणि कानांच्या मध्ये 6 मिमीचा आय. बोल्ट उभा ठेवला. ट्रॅकवर ओढणारी गाडी क्वचितच नाकासमोर उभी असते, ती बाजूने तिरपी येते. बोल्ट उभा असला की आय डावीउजवीकडे फिरून ओढीच्या दिशेला येतो, प्लेट पिरगळत नाही. आय ग्रिलमधून दिसतो पण नाकाच्या पुढे येत नाही. तो हलू नये म्हणून बारीक केबल टायने बांधलाय, ओढलं की टाय आपोआप तुटते. भोकाच्या कडा कानशीने गोल केल्या, कारण धारदार कड पट्टा कापते.

1.6 मिमीच्या नळीवर साधी रॉडची वेल्डिंग चालत नाही, भोक पडतं. नानांनी स्वतःच सांगितलं, "हाई मन्हं काम नही, आर्गनवालाकडे जाय." एमआयडीसीतल्या एका छोट्या शॉपमध्ये आर्गन वेल्डिंग करून घेतलं.

मागच्या बाजूला मला सगळ्यात जास्त भीती वाटत होती. या गाडीची पेट्रोल टाकी मागच्या चाकांच्या मागे असते, आणि वेल्डिंग तिच्यापासून वीतभर अंतरावर. टाकीवर ओलं फडकं टाकून भागेल असं दोघांनी सुचवलं. मी ऐकलं नाही, आणि हे वाचून कुणी करणार असेल तर त्यानेही ऐकू नये. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरत जाते, खड्ड्यात साचते. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा घातक, कारण आत वाफ आणि हवा दोन्ही. टाकी पूर्ण उतरवली, पाइपांची तोंडं बंद केली आणि सगळं दुसऱ्या इमारतीत ठेवलं. बॅटरीची निगेटिव्ह तार काढली, ईसीयूचा (इंजिनच्या कॉम्प्युटरचा) प्लग काढला, वेल्डिंगची अर्थिंगची तार कामाच्या अगदी जवळ लावली म्हणजे करंट बेअरिंगमधून जाणार नाही. या तयारीत पूर्ण दिवस गेला. वेल्डिंगला वीस मिनिटं लागली.

मागे लोखंडी आयऐवजी पट्टा घेतला. क्रेनचं सामान विकणाऱ्याकडे पॉलिस्टरचे स्लिंग मिळतात, त्यांचा रंगच क्षमता सांगतो: जांभळा 1 टन, हिरवा 2, पिवळा 3. नियमातला रंग म्हणून मला पिवळा हवा होता, पण तो इतका रुंद की माझ्या शॅकलमध्ये दुमडून कोंबावा लागला असता. हिरवा घेतला आणि त्यावर नारिंगी कापडाची खोळ शिवून घेतली. लेबल झाकू दिलं नाही. सायलेन्सर डावीकडे असल्याने पट्टा उजव्या कोपऱ्यात बसवला. पुढचा आय पिवळा रंगवला आणि दोन्हीकडे बाणाचे स्टिकर लावले.

पुन्हा तेच वावर, तोच काटा. या वेळी गाडी मुद्दाम तिरपी रुतवली आणि पुढून बाजूला ओढली, मग मागून. आधी नळ्यांवर मार्करने रेघा मारून मापं घेतली होती, नंतर तीच मापं पुन्हा घेतली. एक मिलिमीटरही फरक नव्हता. नाना शेतावर आले होते. त्यांनी वेल्डवर नख फिरवलं आणि मान हलवली.

हिवाळ्यात गाडी कोईमतूरजवळ चेट्टीपाळयमच्या कारी मोटर स्पीडवेवर नेली, 2.1 किलोमीटरचा ट्रॅक. या वेळी ट्रकवर ती विंचने चढली, पुढच्या आयला हुक लावून. ट्रॅकवर जाण्याआधीच्या तपासणीत तपासनीसाने आय धरून डावीउजवीकडे फिरवला, मागचा पट्टा हिसका देऊन पाहिला आणि पुढच्या गाडीकडे गेला. दुपारी पेट्रोल पंपाचा, म्हणजे इंजिनला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपाचा, फ्यूज गेला आणि मी कडेला थांबलो. मार्शलने मला काही विचारलं नाही, बाण बघितला, शॅकल अडकवलं, मी गिअर न्यूट्रलला ठेवून स्टिअरिंग धरलं. पुढच्या सेशनला मी पुन्हा ट्रॅकवर होतो.

मागचा पट्टा आता घरात पेटीत आहे. जळगावच्या मे महिन्यातलं ऊन पॉलिस्टरला बाधतं, म्हणून गाडी उभी असते तेव्हा तो काढून ठेवतो. शिवणीतला एक धागा सुटलेला दिसतोय. पुढच्या फेरीआधी नवा आणायचा आहे.