भाच्यासाठी नरकासुर कुकीज
फोंड्यात सध्या गल्लोगल्ली दिवाळीआधीचे नरकासुराचे पुतळे उभे राहतायत आणि आमच्या भाच्याला तोच हवा, पण खायचा, म्हणून आज शुगर कुकीज केल्या. पिठात बेकिंग पावडर घातली नाही, नाहीतर कुकी पसरते आणि शिंगं, सुळे सगळं गोल होतं, कापलेले आकार फ्रीजमध्ये गार करून मग १८० डिग्रीवर, कडा जेमतेम सोनेरी होईपर्यंत. खरं काम आयसिंगचं!! आधी घट्ट आयसिंगने बाहेरची रेघ, मग पातळ करून आत भरायचं. आपल्या दमट हवेत ते लवकर वाळतच नाही, पंखा लावलाय, काळ्या मिशा उद्या सकाळी, ओल्यावर काढल्या तर रंग उतरतो. ताई म्हणाली बेकरीतून आण ना, पण त्याचे लाल डोळे मलाच रंगवायचे होते. कृष्ण पण केलाय, मोरपिसासकट.