आधी बाई, मग आपण

शाळेच्या अमृतमहोत्सवाचं पत्र हाती पडलं आणि दोन दिवस दुसरं काही सुचलं नाही. समितीने लिहायला बरेच विषय दिले आहेत. मारुतीच्या देवळात भरलेली पहिली शाळा, लोकवर्गणीतून उभी राहिलेली कौलारू इमारत, कबड्डीचा संघ, स्कॉलरशिपच्या परीक्षेत चमकलेली मुलं. या सगळ्यावर इतर कुणी तरी लिहीलच. मी लिहायला बसले की बाईच समोर येतात. बाकीच्या गुरुजनांनी रागावू नये.

बाई म्हणजे कोण, हे आपल्या शाळेच्या माणसाला सांगायला नको. पहिलीच्या बाई. १९७९ च्या जूनमध्ये आजीचं बोट धरून मी त्यांच्या वर्गात गेले. घंटेच्या आधी बाई करंजाखालच्या रांजणापाशी उभ्या असायच्या. आम्हाला "हात धुवा" असं त्यांनी कधी फर्मावल्याचं मला आठवत नाही. पदर कमरेला खोचायच्या, बांगड्या वर सारायच्या आणि स्वतःचे हात धुवायला लागायच्या. लाल साबणाची वडी तळव्यावर फिरवायच्या, मग तळहात, पालथे हात, बोटांच्या बेचक्या, दोन्ही अंगठे, शेवटी नखं तळव्यावर घासायच्या. कसलीही घाई नसायची. आम्ही भोवती घोळका करून बघायचो आणि बघता बघता आमचेही हात पुढे व्हायचे. "आधी मी, मग तुम्ही," एवढंच त्या म्हणायच्या. हात धुतलेलं पाणी दगडी पन्हाळीतून केळीच्या आळ्यात जायचं. दुष्काळी गावात त्यातला थेंबही वाया गेलेला बाईंना खपत नसे.

साबण बाईंच्या पगारातून यायचा. अख्खी वडी लवकर विरघळते म्हणून त्या दोऱ्याने तिचे चार तुकडे करायच्या. साबण संपला की चाळलेल्या राखेचा डबा बाहेर यायचा. मातीला मात्र सक्त मनाई होती, कारण मातीत जंतांची अंडी असतात. ज्या गावात शेतातून आलेला प्रत्येक माणूस हाताला माती चोळूनच हात धुवायचा, तिथे हे सांगणं सोपं नव्हतं. पण बाईंचे हात कधी मातीला लागले नाहीत, तेव्हा आमचेही लागले नाहीत. पावसाळ्यात सर्दीने सगळ्यांची नाकं वाहायची. बाईंनी जुन्या लुगड्याचे चौकोनी तुकडे करून प्रत्येकाच्या सदऱ्याला पिनेने अडकवले, आणि तसाच एक तुकडा स्वतःच्या खांद्यावर पदराला लावला. तो लावून त्या दिवसभर शाळेत वावरायच्या. मुख्याध्यापकांसमोरही तशाच जायच्या.

तेव्हा गावात नारू होता. आजच्या मुलांना नारू म्हणजे काय तेही सांगावं लागतं. पायावर फोड यायचा, तो फुटला की त्यातून दोऱ्यासारखा पांढरा कृमी डोकं काढायचा. तो काडीला गुंडाळत रोज थोडा थोडा ओढून काढायचा. पूर्ण निघाला तर हातभराहून लांब भरायचा, मध्ये तुटला तर पाय सुजून माणूस अंथरुणाला खिळायचा. आमच्या गल्लीतले एक काका ऐन सुगीत असे पडून होते, आणि त्यांची ज्वारी शेजाऱ्यांनी काढली. फोडाची आग शांत व्हावी म्हणून लोक बारवेच्या पायऱ्यांवर पाय बुडवून बसायचे. नारूची पिल्लं त्या पाण्यात सुटायची, पाण्यातल्या बारीक किड्यांच्या पोटात जायची, आणि तेच पाणी घागरी भरून घरोघरी जायचं. पुढच्या वर्षी पुन्हा फोड. वर्षाच्या अंतराने येणारं दुखणं पाण्यातून येतं, हे लोकांना पटायचं नाही.

बाईंनी ते पटवण्यासाठी भाषण केलं नाही. मांजरपाटाचं फडकं दुहेरी शिवून त्यांनी शाळेच्या माठाच्या तोंडाला बांधलं. रोज सकाळी आमच्यादेखत त्यातून पाणी गाळायचं, फडकं उलटं करून झटकायचं, धुवायचं आणि उन्हात टाकायचं. माठात पेला बुडवायचा नाही, पाणी ओगराळ्यानेच घ्यायचं. गावात हळदीकुंकवाला गेल्या तरी त्यांच्या पिशवीत घडी केलेलं फडकं असायचं. दिलेलं पाणी त्या मान राखून घ्यायच्या, गाळायच्या आणि मगच प्यायच्या. सुरुवातीला बायकांना ते लागलं. "मास्तरीण बाईला आमचं पाणी चालत नाही," अशी बोलणी झाली. बाई हसून पुढच्या घरी जायच्या आणि तिथेही तेच करायच्या. वर्षभरात आमच्या आईने आजोबांच्या धोतराचं फडकं घागरीला बांधलं. शेजारच्या तिन्ही घरांत ते आमच्या आधीच बांधलेलं होतं.

नारूचा देशातला शेवटचा रुग्ण १९९६ साली सापडला आणि २००० मध्ये भारत नारूमुक्त ठरला. औषध टाकणारे, हापसे बसवणारे, दारोदार फिरणारे आरोग्य कर्मचारी यांचं ते मोठं काम आहे. आपल्या गावापुरतं त्यात बाईंच्या फडक्याचंही नाव लागलं पाहिजे, असं मी ठामपणे म्हणते.

पण मला खरं सांगायचं आहे ते एका सोमवारचं. सोमवारी नखं तपासायची असत. बाईंनी वर्गात स्वच्छतामंत्री नेमले होते, आणि दर आठवड्याला पाळी बदलायची. रांगेत पहिल्या बाई उभ्या राहायच्या. आधी त्यांचे हात तपासायचे, मग मुलांचे. त्या आठवड्याला मंत्री मी होते. बाईंनी दोन्ही हात माझ्यापुढे धरले. सहा वर्षांच्या मुलीने बाईंच्या हातात काय बघायचं? पण मी बघितलं, आणि उजव्या करंगळीच्या नखाखाली बारीक काळी रेघ दिसली. माझी जीभ टाळ्याला चिकटली. मागून कुणी तरी ढोसलं तेव्हा कसंबसं म्हणाले, "बाई, करंगळीत काळं हाय."

वर्ग चिडीचूप झाला. बाईंनी हात डोळ्यांजवळ नेला. "हो गं, आहे," म्हणाल्या. दिवाळी तोंडावर होती, पहाटे उठून घर सारवलं असणार. कारण सांगितलं असतं तर कुणीही समजून घेतलं असतं. बाईंनी काही सांगितलं नाही. त्यांनी खडू घेतला आणि फळ्यावर "नखं राहिली" या यादीत सगळ्यात वर स्वतःचं नाव लिहिलं. मग बाहेर गेल्या. खिडकीतून आम्हाला सगळं दिसत होतं. रांजणाशेजारच्या दगडावर बसून त्यांनी निंबाची काडी मोडली, तिच्या टोकाने नखाखालची रेघ काढली, दहाही नखं तशीच साफ केली, साबण लावला, हात धुतले. परत आल्या त्या रांगेत शेवटी उभ्या राहिल्या. मी एकेकाचे हात बघत त्यांच्यापर्यंत पोहोचले तेव्हा त्यांनी पुन्हा दोन्ही हात पुढे केले. मी "चांगले" म्हटल्यावरच त्यांनी फळ्यावरचं आपलं नाव पुसलं.

त्या संध्याकाळी मी घरी आजीचे हात तपासले, आईचे तपासले, बैल बांधून आलेल्या वडिलांचेही तपासले. कुणी रागावलं नाही. पुढे कितीतरी दिवस भाकरी थापायला बसण्याआधी आई मला हात दाखवायची.

बाईंना हे कुठून सुचलं, ते मला फार नंतर कळलं. तारुण्यात त्या कोसबाडला जाऊन आल्या होत्या. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला लहान मुलांसाठी काम सुरू केलं आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. तिथे वारली मुलांच्या अंगणात जाऊन अंगणवाडी भरायची, आणि अंघोळ, वेणीफणी हाही शिक्षणाचाच भाग असायचा. बाईंच्या कपाटात त्या दोघींचा फोटो होता. आणि २० डिसेंबरला, गाडगेबाबांच्या पुण्यतिथीला, इतरत्र भाषणं व्हायची तेव्हा बाई खराटा घेऊन शाळेपासून बारवेपर्यंतचा रस्ता झाडायच्या. आम्ही मागून टोपल्या घेऊन चालायचो.

आज मी जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या विशेष कक्षाची इनचार्ज सिस्टर आहे. किलो-दीड किलोची बाळं आमच्याकडे येतात. अस्वच्छ हाताचा एक स्पर्श त्यांच्या जिवावर बेतू शकतो. नर्सिंगला असताना हात धुण्याच्या पद्धतीचं चित्र भिंतीवर पाहिलं. तळहात, पालथा हात, बेचक्या, अंगठे, नखं. मैत्रिणी पाठ करत होत्या. मला पाठ करावं लागलं नाही. कक्षात नवीन मुली आल्या की मी सूचना वाचून दाखवत नाही. घड्याळ आणि बांगड्या काढते, त्यांच्यासमोर पूर्ण मिनिटभर हात धुते आणि नंतर त्यांना माझे हात तपासायला सांगते. आधी लाजतात, मग तपासतात. मोठे डॉक्टर आले तरी दारातल्या बेसिनपाशी आमची सर्वांत लहान सिस्टर त्यांना थांबवते, आणि ते थांबतात. कायाकल्पच्या, म्हणजे सरकारी दवाखान्यांच्या स्वच्छतेच्या, तपासणीत आमच्या कक्षाचं कौतुक झालं, तेव्हा पहिला फोन बाईंच्या मुलीला केला. बाई तोवर गेलेल्या होत्या.

मागच्या वर्षी शाळेत येऊन गेले. करंज नाही, रांजण नाही. त्या जागी फरशीचा ओटा आहे, ओळीने नळ आहेत, भिंतीवर सुंदर चित्रं आणि घोषवाक्यं आहेत. १५ ऑक्टोबरला हात धुवा दिन होतो, त्याचे फोटोही दाखवले. हे सगळं आमच्या वेळी नव्हतं, आणि ते झालं याचा मला मनापासून आनंद आहे. पण खिचडीच्या सुट्टीत नळावर एकही मोठं माणूस नव्हतं. साबण कार्यालयातल्या कपाटात होता. मुलं हातावर पाणी घेऊन पळत होती. शिक्षकांचा दोष मी मानत नाही. किती माहिती भरायची, किती फोटो पाठवायचे, याचा ताण मी आमच्या खात्यातही बघते. तरी जीव तुटला. चित्रातली मुलगी किती छान हात धुते हे पाहून मुलं हात धुवत नाहीत. त्यांना रोज कुणी तरी आपल्या शेजारी उभं राहून धुताना दिसावं लागतं.

म्हणून समितीला माझी एक विनंती आहे. सोहळ्याच्या दिवशी पंगत बसण्याआधी मंचावरच्या सगळ्यांनी, अध्यक्षांनी, पाहुण्यांनी, आम्ही माजी विद्यार्थ्यांनीही, पहिलीच्या मुलांबरोबर त्या नळांवर हात धुवावेत आणि मुलांकडून ते तपासून घ्यावेत. त्यानंतर वर्षभर लागेल तेवढ्या साबणाचा खर्च माझ्याकडे. मी आदल्या दिवशी मुक्कामाला येते आहे. वड्या कापायला दोरा घेऊन येते, ओट्यावर साबण ठेवायला आठ थाळ्या तेवढ्या समितीने बघून ठेवाव्यात.