कोपर सरळ, तरी हात वर जाईना

उकळत्या तेलाने माझा उजवा हात काखेपासून मनगटापर्यंत भाजला, त्याला वर्ष होत आलं. जखमा भरल्या, पण व्रण जाड आणि ताठ झाले. घराजवळच्या एका दवाखान्यात हात अंगालगत ठेवून कोपर मोजलं आणि 'जवळपास ठीक' असं कागदावर लिहून दिलं. इकडे मला ऐरोली-ठाणे लोकलमध्ये वरचं हँडल धरता येत नव्हतं, केस बांधायला हात मागे जात नव्हता. जवळपास ठीक म्हणजे काय, हे मला खरंच समजेना.

उलगडा झाला तो ठाण्यातल्या फिजिओथेरपिस्ट मॅडमकडे. त्यांनी मोजमापाला हात घालायच्या आधी व्रणाचा पट्टा कुठून कुठे जातो ते बोटाने चाचपून पाहिलं. म्हणाल्या, "ताई, हा पट्टा काखेवरून कोपराच्या पुढून खाली गेलाय. एकेक सांधा सुटा मोजून चालायचं नाही."

मग गोनिओमीटर काढला. दोन पारदर्शक पट्ट्यांचा कोनमापकच तो. मधली खीळ कोपराच्या बाहेरच्या हाडावर, एक पट्टी खांद्याकडे, दुसरी मनगटाकडे. आधी माझं मी कोपर सरळ करायचं, मग त्या हलकेच ताण देणार. हात अंगालगत असताना पूर्ण सरळ व्हायला १० अंश कमी पडले. तोच हात बाजूला खांद्याच्या उंचीला नेला, तळवा वर, आणि कमी पडले ३५! पट्टा ताणून पांढराफटक पडला होता. त्वचा ताणाच्या टोकाला आली की तिथलं रक्त दाबलं जातं, म्हणून ती अशी पांढरी पडते. उलटंही करून पाहिलं. कोपर वाकवलं की हात बराच वर जायचा, सरळ ठेवलं की खांद्याच्या जरा वरच अडायचा.

कापड तेवढंच असेल तर एकीकडे ओढलं की दुसरीकडे तोकडं पडणारच. शेजारचा सांधा हलवल्यावर कोन बदलतो, म्हणजे अडवणारी मुख्यतः त्वचा आहे. कोन तसाच राहिला असता तर सांधाच आखडल्याची शंका घ्यावी लागते. भाजल्यानंतर कधी कधी कोपराभोवती नको तिथे हाड वाढतं, म्हणून त्यांनी एक्स-रेही काढून घेतला. तो स्वच्छ आला आणि माझा जीव भांड्यात पडला.

या मोजणीने उपचारच बदलले. आधी मी नुसतं कोपर ताणत होते, आता हात बाजूला वर नेऊन दोन्ही सांधे एकदम ताणायचे. रात्रीचा स्प्लिंट, म्हणजे हात ताणलेल्या स्थितीत धरून ठेवणारा आधार, तोही तसाच नवा करून घेतला. प्रेशर गारमेंट, म्हणजे व्रण दाबून ठेवणारं घट्ट कापड, दिवसाचे २३ तास घालायचं आहे. ठाण्याच्या उकाड्यात जीव नकोसा होतो, पण मी घालते.

तुम्ही मोजायला गेलात तर शेजारचे सांधे कसे ठेवून मोजलं, मालिशच्या आधी की नंतर, हे आकड्याशेजारी लिहून मागा. नाहीतर दोन वेळचे आकडे ताडून पाहताच येत नाहीत. माझे ३५ आता २२ वर आलेत. उरलेल्यासाठी झेड-प्लास्टी, म्हणजे व्रण इंग्रजी झेडच्या आकारात कापून त्याची लांबी वाढवणारी शस्त्रक्रिया, लागेल का, ते व्रण आणखी निवल्यावर प्लास्टिक सर्जन ठरवणार आहेत. त्यांनीही आधी हा मोजमापांचाच कागद मागून घेतला.