शुल्क त्याच रकमेतून का कापत नाहीत?

परदेशी पैसे पाठवण्याच्या काउंटरवर मी काम करते. फॉर्मवर ‘पैसे पाठवण्याचे कारण’ असा रकाना असतो. समोरच्या निवृत्त शिक्षिकेनं तिथं ‘प्रमाणपत्र शुल्क’ लिहिलं होतं आणि लाभार्थी म्हणून कुणा खासगी माणसाचं नाव. कसलं प्रमाणपत्र, विचारलं तर त्या अवघडल्या. “वारसाहक्काचं आहे. वकिलांनी कुणाला बोलू नका म्हटलंय.”

ते ऐकून मी फॉर्म बाजूला ठेवला. गुप्ततेची अट आली की मी आधी थांबते.

बाईंनी मोबाइलवर मेल दाखवले. त्यांच्याच आडनावाचा कुणी श्रीमंत माणूस अपघातात गेला, वारस नाही, रक्कम सरकारजमा होणार. आधी नोंदणी शुल्क, मग कर, आणि आता हा पैसा दहशतवादाशी संबंधित नाही असं प्रमाणपत्र. सोबत शिक्क्यांनी भरलेली पीडीएफ. पाठवणारा म्हणून वकिली संस्थेचं नाव दिसत होतं, पण ‘उत्तर द्या’ दाबल्यावर वर उमटला तो भलताच, फुकट मेलसेवेवरचा पत्ता. मी त्यावर बोट ठेवलं. बाई म्हणाल्या, “पण आता शेवटचंच शुल्क राहिलंय हो.”

माणूस अडकतो तो इथं. थांबायचं म्हणजे आधीचे पैसे गेले हे कबूल करायचं, आणि त्यापेक्षा आणखी एकदा भरणं सोपं वाटतं. अशांना कुणी मूर्ख म्हटलं की मला राग येतो. एकोणिसाव्या शतकात ‘स्पॅनिश कैद्या’च्या नावानं, म्हणजे स्पेनच्या तुरुंगातल्या श्रीमंत कैद्याला सोडवायला पैसे द्या, मोठा वाटा मिळेल असं सांगून, हाच खेळ टपालानं चालायचा; शिकलेसवरलेले तेव्हाही फसत होते.

“बाई, एवढी रक्कम तुमचीच आहे, तर हे शुल्क ते त्यातूनच का कापून घेत नाहीत?”

त्या बराच वेळ मेलकडे बघत राहिल्या. मग हे त्या वकिलालाच विचारते म्हणाल्या. मी अडवलं. आता एक अक्षरही लिहायचं नाही. अशा प्रश्नांची उत्तरं त्यांच्याकडे तयार असतात, आणि उत्तर देणारा माणूस त्यांना हवाच असतो.

पुढची धावपळ महत्त्वाची होती. आधीचे दोन्ही व्यवहार परत मागवण्याची विनंती तत्काळ पाठवली. पहिली रक्कम केव्हाच काढली गेली होती, दुसरी समोरच्या बँकेनं रोखली. ओळखपत्राची प्रतही बाईंनी पाठवली होती, म्हणून खात्याचे पासवर्ड बदलले, लक्ष ठेवण्याची नोंद केली. लाजेपोटी त्या मेल पुसून टाकणार होत्या. ते पूर्ण हेडरसह, म्हणजे मेल कुठून कसा आला या तांत्रिक नोंदींसह, जपून पोलीस तक्रारीला जोडले.

काही दिवसांनी बाईंना नवा मेल आला: बुडालेले पैसे मिळवून देतो, फक्त प्रक्रिया शुल्क भरा. फसलेल्यांच्या याद्या या टोळ्या एकमेकांना विकतात. बाईंनी उत्तर दिलं नव्हतं. मेल घेऊन त्या थेट काउंटरवर आल्या, आणि तोही आम्ही त्याच तक्रारीत जोडला.