नवीन काही नको, आधी आहे ते सांभाळा

आमचं गाव म्हणजे क वर्ग नगरपालिका. लोकसंख्या २५ ते ४० हजारांच्या मधे असली की क वर्ग, त्यावर १ लाखापर्यंत ब आणि १ लाखाच्या पुढे अ. हे आधीच सांगतो कारण पुण्या-मुंबईचे मित्र बोलताना कायम महापालिका डोळ्यासमोर ठेवून बोलतात, आयुक्तांना मेल कर, वॉर्ड ऑफिसला जा वगैरे. आमच्याकडे आयुक्त नाही आणि वॉर्ड ऑफिसही नाही. मुख्याधिकारी असतात, त्यांना सगळे सीओ साहेब म्हणतात, आणि बांधकाम विभागात एखाद-दोन इंजिनिअर, तोच माणूस सकाळी गटाराचं काम बघतो, दुपारी बांधकाम परवानगीच्या फायली काढतो आणि संध्याकाळी कुणाचा तरी फोन आला म्हणून खड्डा बघायला येतो. त्या माणसांना शिव्या घालणं सोपं आहे, मला ते करायचं नाहीये.

लिहायला बसलो कारण अर्थसंकल्पाचे दिवस आलेत. नगरपालिकेचा अर्थसंकल्प फेब्रुवारीअखेर सर्वसाधारण सभेत मंजूर करायचा असतो आणि यंदा तो बऱ्याच गावांत लोकांनी निवडून दिलेली माणसं करणार आहेत. २०२१ च्या शेवटापासून एकेका नगरपालिकेची मुदत संपत गेली, निवडणुका कोर्टात अडकल्या आणि राज्यभर प्रशासक बसले. शेवटी २ डिसेंबर २०२५ ला मतदान झालं (काही ठिकाणी २० ला), निकाल २१ ला लागला. म्हणजे मधली तीन-चार वर्षं गावातला कोणता रस्ता करायचा, कोणत्या बागेला पैसे द्यायचे हे ठरवताना सभागृहात एकही नगरसेवक नव्हता, सगळे ठराव प्रशासकाच्या सहीने. प्रशासकांनी कामं केली नाहीत असं नाही म्हणत मी, काही कामं तर पटापट झाली, पण विचारायला जायचं कुणाकडे हाच प्रश्न होता.

आता नवीन नगरसेवक आलेत आणि प्रत्येकाला काहीतरी नवीन करून दाखवायचंय. आमच्या प्रभागात मागण्यांची यादी फिरतेय, त्यात नवीन काँक्रीट रस्ता, नवीन कमान, नवीन ओपन जिम, बागेत नवीन कारंजं. यादी वाचून मला खरंच काळजी वाटली. कारण आधीचं कारंजं बंद आहे, त्याची मोटर जळाली ती कुणी दुरुस्त केली नाही.

ही बाग शासनाच्या अनुदानातून झाली. चालायला पेव्हर ब्लॉकचा ट्रॅक, लहान मुलांना झोपाळे-घसरगुंडी, मधे कारंजं, एका कडेला व्यायामाची साधनं. उद्घाटनानंतर काही महिने संध्याकाळी बसायला जागा मिळायची नाही, आजी-आजोबा, कॉलेजची पोरं, पाळण्यातली बाळं घेऊन आलेल्या आया, सगळं गाव तिथे. मग उन्हाळा आला, माळ्याचं कंत्राट संपलं, ते पुन्हा काढलंच नाही, लॉन वाळून गेलं, एका झोपाळ्याची साखळी तुटली, ती तशीच लोंबकळत राहिली, दिवे एकेक करून गेले आणि अंधार पडल्यावर बायकांनी तिथे जाणं सोडलं. आता तिथे कुणी बसत नाही. बाग बांधायला पैसे होते, माळ्याच्या पगाराला नव्हते.

हे असं का होतं ते समजून घ्यायला मला बराच वेळ लागला, म्हणून जरा सविस्तर लिहितो. १९९९ पर्यंत नगरपालिकांना जकात होती, म्हणजे गावात येणाऱ्या मालावरचा कर. गावाच्या नाक्यावर ट्रक थांबायचा, पावती फाटायची, रोजचा रोख पैसा नगरपालिकेच्या हातात. जकात बंद झाली आणि त्याबदल्यात राज्य सरकार सहाय्यक अनुदान द्यायला लागलं, ते छोट्या नगरपालिकांत बहुतेक पगारालाच जातं. उरलं स्वतःचं उत्पन्न म्हणजे घरपट्टी, पाणीपट्टी, गाळ्यांची भाडी, बाजारकर. त्यात घरपट्टीची वसुली मार्चमध्ये जप्तीच्या नोटिसा निघेपर्यंत रखडलेली. मग मोठा पैसा येतो तो वरून, सरकारी योजनांतून, म्हणजे नगरोत्थान, वैशिष्ट्यपूर्ण योजना, दलित वस्ती सुधार, जिल्हा नियोजनचा निधी. हा पैसा मुख्यतः नवीन कामासाठी असतो, त्यातून रस्ता करता येतो, बाग बांधता येते, पण त्या बागेच्या माळ्याचा दर महिन्याचा पगार निघत नाही. केंद्राच्या वित्त आयोगाचे पैसे येतात त्यातले पंधराव्या आयोगात ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेलाच वापरायची अट होती, पगार त्यातूनही नाही. म्हणजे जे काही सांभाळायचं ते घरपट्टी-पाणीपट्टीतून, आणि तिथे आधीच खडखडाट.

त्यामुळे जुनं दुरुस्त करण्यापेक्षा ते मोडू देऊन नवीन प्रस्ताव पाठवणं नगरपालिकेला सोपं जातं. कुणी वाईट असण्याची गरजच नाही, पैशाची वाटच तशी आखलेली आहे. आणि उद्घाटनाची पाटी नवीन कामाला लागते, झोपाळ्याची साखळी बदलली म्हणून कुणी नारळ फोडत नाही.

रस्त्यांचं तर अजून गुंतागुंतीचं आहे. गावातून जाणारा मोठा रस्ता बऱ्याचदा सार्वजनिक बांधकाम विभागाचा असतो, आतले रस्ते नगरपालिकेचे. खड्डा तोच, पण तक्रार कुठे करायची ते रस्ता कुणाच्या ताब्यात आहे त्यावर, आणि हे रस्त्यावर कुठेच लिहिलेलं नसतं. मग आज इकडे अर्ज, ते म्हणणार आमच्याकडे नाही तिकडे जा. आमच्या गल्लीतला डांबरी रस्ता चांगला झाला होता, खरंच चांगला, मग पाण्याच्या नवीन लाइनसाठी तो मधोमध उकरला, चर मातीने बुजवला, पावसात माती खचली आणि त्या चरात गाड्या घसरायला लागल्या. उकरायची परवानगी देताना रस्ता पूर्ववत करण्याची जबाबदारी कुणाची आणि पैसे कुणी भरायचे हे ठरवतात. तो कागद बघायला मागितला पाहिजे, तिथेच खरी गोष्ट असते.

अजून एक गोष्ट जी माझ्या ओळखीच्या बहुतेकांना माहीतच नव्हती. रस्त्याच्या टेंडरमध्ये दोष दायित्व कालावधी असतो, ऑफिसात त्याला डीएलपी म्हणतात. किती वर्षांचा ते कामागणिक वेगळं. तेवढ्या काळात रस्ता उखडला तर ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायचा, त्यासाठी त्याची अनामत रक्कम अडकवून ठेवलेली असते. पण कुणी लेखी तक्रारच केली नाही तर मुदत संपते, अनामत परत जाते आणि तोच खड्डा मग आपल्या घरपट्टीतून बुजवायचा. म्हणून खड्ड्याचा फोटो व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकून थांबू नका, अर्ज द्या, आवक नंबर घ्या, आणि अर्जात सरळ विचारा की या रस्त्याचा ठेकेदार कोण, काम कधी पूर्ण झालं आणि डीएलपी कधी संपतो. उत्तर नाही आलं तर माहिती अधिकार आहेच, १० रुपये आणि ३० दिवस. त्या कायद्यात तर कामाची प्रत्यक्ष पाहणी करायचा आणि वापरलेल्या मालाचे प्रमाणित नमुने घ्यायचासुद्धा हक्क दिलाय, हे वाचलं तेव्हा मला फार भारी वाटलं होतं.

खड्ड्यांबद्दल मुंबई हायकोर्टाने १३ ऑक्टोबर २०२५ ला मोठा आदेश दिलाय. खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे माणूस गेला तर वारसांना ६ लाख आणि जखमी झाला तर जखमेप्रमाणे ५० हजार ते अडीच लाख भरपाई, आणि ती रक्कम नंतर जबाबदार ठेकेदार-अधिकाऱ्यांकडून वसूल करायची. चांगले रस्ते मिळणं हा जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग आहे असं कोर्टाने म्हटलंय. आदेश मोलाचा आहे. पण भरपाई मिळते ती माणूस पडल्यानंतर, आणि मला त्याच्या आधीचं बोलायचंय.

छोट्या गावांना जमत नाही असं मात्र कुणी म्हणू नये. कराडजवळचं मलकापूर बघा, तिथे चोवीस तास पाणी दिलं, प्रत्येक नळाला मीटर, जास्त वापर केला तर वरच्या युनिटला जास्त दर. पाण्याला मीटर म्हटल्यावर आपल्याकडे मोर्चा निघेल, पण मीटर असल्यामुळे पाणी वाया जाणं कमी झालं आणि वापराप्रमाणे बिल यायला लागलं, योजना चालवायला पैसा उभा राहिला. वेंगुर्ल्याने घरातच कचरा वेगळा करायची सवय लावली आणि जिथे नाक दाबून जायला लागायचं तो कचरा डेपो अशा अवस्थेला आणला की बाहेरगावचे लोक तो बघायला जातात. दोन्ही ठिकाणी काहीतरी बांधून सोडून दिलं नाही, रोज चालवलं. फरक मला तिथेच दिसतो.

म्हणून आमच्या नव्या नगरसेवकांना माझी मनापासून विनंती आहे. अर्थसंकल्पात देखभाल-दुरुस्तीचं वेगळं हेड असतं, यावेळी आधी त्या आकड्याकडे बघा. गेल्या वर्षी किती तरतूद होती, खर्च किती झाला, आणि उरली असेल तर का उरली हे सभेत विचारा, इतिवृत्तात येऊ द्या. कुणी नवीन बागेचा ठराव आणला तर तिचा माळी, पाणी, वीजबिल, वॉचमन हा खर्च कुठून करणार ते त्याच ठरावात लिहायला लावा, नसेल तर ठराव थांबवा, लोक तुमच्यावर रागावणार नाहीत, आम्ही समजावू लोकांना. आणि आपल्या सगळ्यांकडूनही एक गोष्ट हवी, घरपट्टी वेळेत भरणं. थकली की महिन्याला २ टक्के शास्ती म्हणजे दंड लागतो ते वेगळंच, पण तोच एक पैसा आहे ज्याच्यावर गावाचा स्वतःचा हक्क आहे, ज्यातून साखळी बदलता येते.

आमच्या प्रभागातल्या काही जणांनी मिळून मागण्यांची यादी परत लिहिलीय. कमान काढली, नवीन कारंजं काढलं. आता त्यात वर्षभराचा माळी, जळालेल्या मोटरची दुरुस्ती, बागेतले सगळे दिवे, झोपाळ्याच्या साखळ्या आणि गल्लीतला चर डांबराने नीट बुजवणं एवढंच आहे. सह्या चालू आहेत. सोमवारी अर्ज आवक-जावकला देणार, एक प्रत सीओ साहेबांना आणि एक दोन्ही नगरसेवकांना. तुमच्या गावात असं काही करत असाल तर कमेंटमध्ये सांगा, अर्जाचा नमुना हवा असेल तर पाठवतो.