धैर्याच्या रकान्यात शून्य

आमच्या ख्रिस्ती मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, पुढाऱ्यांचं प्रशिक्षण कोल्हापुरात भरतं, त्याची व्यवस्था माझ्याकडे असते. यंदा शिकवायला परदेशातून एक पाहुणे आले होते. माणूस जाणता, मनानं चांगला. त्यांनी सगळ्यांना एक सराव दिला: उठायचं आणि आपल्या पाळकांना, म्हणजे धर्मगुरूंना, त्यांची एक चूक तोंडावर सांगायची. पाळकसाहेब समोर खुर्चीत!

हॉल चिडीचूप. कुणी पंख्याकडे बघतंय, कुणी शास्त्राची पानं चाळतंय. गडहिंग्लजकडचे एक वडीलजन (मंडळीचा कारभार बघणारे), घरची उसाची शेती, उठले आणि "आमचं पाळक चांगलं हाईत" म्हणून बसले. पाहुण्यांनी तक्त्यात 'धैर्य' या रकान्यात शून्य टाकलं.

सुट्टीत तेच गृहस्थ पाळकांना फाटकाबाहेर चहाच्या गाड्यावर घेऊन गेले. मी मागंच उभा होतो.

"साहेब, कारखाना सुरू झालाय. टोळी आली की ऊस तोडून घ्यायचा का धाच्या उपासनेला यायचं?"

"मग कधी ठेवू?"

"सांजच्याला ठेवा की."

पुढच्या सत्रात पाळकांनी आपणहून जाहीर केलं, हंगाम संपेपर्यंत उपासना संध्याकाळी.

अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर 1852 मध्ये कोल्हापुरात आले. त्यांच्या मिशन बोर्डाचे चिटणीस रूफस अँडरसन तेव्हापासूनच सांगत होते की इथल्या मंडळीनं आपला कारभार, खर्च आणि प्रसार स्वतः करावा. कारभार आला हाती, पण रीत मिशनऱ्यांचीच राहिली. गातो आम्ही ना. वा. टिळकांची भजनं, बैठकीत मात्र ठराव, अनुमोदन, हात वर. काम होतं ते गाड्यावर.

पाहुण्यांना मी सगळं सांगितलं. त्यांनी शून्य खोडलं आणि चहाच्या पद्धतीचं सर्वांसमोर कौतुक केलं. तेवढ्यात मागच्या रांगेतून एक अंगणवाडीसेविका उठल्या.

"गाड्यावर आम्ही बायकांनी कुठं उभं राहायचं? सांजची उपासना ठरवली, भाकरी कधी थापायच्या ते कुणी विचारलं?"

याला उत्तर ना पाहुण्यांकडे होतं, ना माझ्याकडे. पाळक म्हणाले, "बायकांची बैठक आमच्या घरी घेऊ."

"नको साहेब, तुमच्यासमोर कोण बोलंल? माझ्या अंगणवाडीत घेऊ. आईसाहेबांना तेवढं पाठवा."


आईसाहेब म्हणजे पाळकांच्या पत्नी. पाळकांनी मान डोलावली. उपासनेची वेळ पुन्हा अधांतरी.